सूतभर जास्त

मास्तरांना मापाची पट्टी लागत नाही, असं कारखान्यात सगळे म्हणायचे आणि ते बऱ्यापैकी खरं होतं. पट्टी गळ्यात असायची, पण निम्मी कामाला आणि निम्मी रुबाबाला. शर्टाच्या कापडाचे वीस थर एकावर एक अंथरले, वर पुठ्ठ्याचे साचे ठेवून खडूची रेघ मारली, की मास्तर कापायची मशीन अशी फिरवायचे की सगळ्यात वरची बाही कुठली आणि सगळ्यात खालची कुठली, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. तीस वर्षं हेच काम. कारखाना तसा लहान. वर पत्रा, दोन्ही बाजूंना उंच खिडक्या आणि मध्ये शिलाई मशीनची चौदा टेबलं. प्रत्येक टेबलासाठी मास्तर वेगळी थप्पी कापायचे, तिचा गठ्ठा बांधून वर नंबराची चिठ्ठी खोचायचे आणि गठ्ठा ज्याच्या त्याच्या टेबलावर जायचा.

बाराव्या टेबलावर मास्तरांची बायको बसायची. मास्तरांची बायको म्हणून वहिनी, एवढंच सुरुवातीला होतं. पण पुढे त्या इतक्या सगळ्यांच्या वहिनी झाल्या, की त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी तपासणीवालीसुद्धा त्यांना वहिनीच म्हणायची. या तपासणीवालीचं नाव दुर्बीण पडलं होतं. तिच्या नजरेतून सुटलेला टाका अजून कुणी पाहिला नव्हता. कुठे शिलाई उसवलेली दिसली, की ती तो शर्ट शिवणाऱ्याच्या टेबलाखालच्या निळ्या खोक्यात आणून टाकायची. तोंडाने काही बोलायची नाही. खोकी सगळ्यांना दिसतील अशीच ठेवलेली होती, त्यामुळे बोलायची गरजही नव्हती.

वहिनींच्या खोक्यात मात्र त्यांचा डबा, पाण्याची बाटली आणि रस्त्यावर घालायच्या चपला असायच्या. परत आलेले शर्ट ठेवायला तिथे जागाच नव्हती, आणि कधी लागलीही नव्हती. नव्या मुलींना कामावर घेतलं की धाकटे साहेब, म्हणजे मालकांचे चिरंजीव, त्यांना बाराव्या टेबलापाशी नेऊन ते खोकं दाखवायचे. वहिनी अशा वेळी मान वर करत नसत, पण मशीनचा वेग जरा वाढायचा. माणूस म्हटलं की एवढं चालायचंच.

आता यातली मेख सांगतो. सहा वर्षांपूर्वी वहिनींच्या उजव्या डोळ्यासमोर बरोबर मधोमध एक राखाडी डाग आला. दोन वर्षांनी डाव्यासमोरही आला. डॉक्टर म्हणाले, हा पडद्याचा आजार आहे, चष्म्याने जायचा नाही. कडेकडेचं दिसत राहील, मधलं पुसट होत जाईल. आणि शिवणाऱ्या बाईचं सगळं जग असतं ते मधलंच, सुईच्या टोकापाशी. कारखान्यात वर्षातून एकदा डोळे तपासायचे, आणि ज्याला भिंतीवरच्या तक्त्याची शेवटून दुसरी ओळ वाचता यायची नाही, त्याला घरी बसवायचे. वहिनींनी त्यावर तोड काढली. मास्तरांनी एकदा तक्त्याची ती ओळ कागदावर उतरवून आणली आणि नवरा-बायको दोघं जेवताना ती पाढ्यासारखी घोकत बसली. तक्ता काही सहा वर्षांत बदलला नाही. वहिनी दर वर्षी पहिल्या नंबराने पास.

"डोळे काय, दिसले तर दिसले," त्या मास्तरांना म्हणायच्या. "माझ्या बोटांना दिसतं. सव्वीस वर्षं शिवतेय, कापडाची कड बोटाला नाही कळणार तर कुणाला कळणार?"

मास्तर मान डोलवायचे. बोटांना काय दिसतं आणि काय नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. डोळ्याचं निघालं त्याच आठवड्यात त्यांनी एक गोष्ट सुरू केली होती, आणि ती त्यांनी कुणालाच, अगदी बायकोलाही, सांगितली नव्हती. बाराव्या टेबलाची थप्पी कापताना ते बाहीच्या आणि काखेच्या गोलाईला कड सूतभर जास्त सोडायचे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तुमच्या-आमच्या लेखी ते काहीच नाही. पण कापड कडेला जेमतेम असलं आणि सुई जरा इकडेतिकडे गेली, की खालचा पदर सुटतो आणि शर्ट निळ्या खोक्यात जातो. तेच सूतभर जास्त असलं, तर सुई थोडी भरकटली तरी दोन्ही पदर धरले जातात. वहिनींची सुई भरकटायची. पदर धरले जायचे. खोक्यात डबा राहायचा.

तुम्ही म्हणाल, ही मालकाच्या कापडाची चोरी झाली. झाली असेल. मास्तर इतर तेरा टेबलांचे साचे असे दाटीवाटीने मांडायचे की तेवढं कापड कधीच भरून निघायचं. आणि नसतं निघालं, तरी मला त्यांच्यावर रागावता आलं नसतं.

हे सगळं असंच चाललं असतं. पण एके दिवशी धाकट्या साहेबांनी सगळ्यांना मधल्या जागेत बोलावलं आणि सांगितलं, की कापायचं नवं यंत्र येतंय. ते आपणहून कापड अंथरतं, आपणहून साचे मांडतं आणि कापतं. मात्र आधी त्याला शिकवावं लागतं, आणि शिकवणार आपले मास्तर. टाळ्या झाल्या. मास्तरही हसले. आपल्या जागी येणाऱ्याला आपणच शिकवायचं, हे त्यांना टाळ्या थांबेपर्यंत नीटसं उमगलं नव्हतं. "तुम्हाला कुठे जायचं नाही," साहेब त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "यंत्राशेजारी खुर्ची टाकून बसायचं, हिरवं बटण दाबायचं. आराम करा आता." मास्तरांना उभं राहून काम करायची सवय. आराम म्हटलं की त्यांना आजारपणच आठवायचं.

दुसऱ्या आठवड्यात यंत्राच्या कंपनीकडून एक इंजिनिअर मुलगी आली. वयाने मास्तरांच्या मुलीएवढी. त्यांची मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला, तिची आठवण आली त्यांना. ही पोरगी त्यांना 'सर' म्हणायची. तीस वर्षांत त्यांना कुणी सर म्हटलं नव्हतं. तिने त्यांच्या कपाळावर पट्ट्याने एक छोटा कॅमेरा बांधला आणि दोन्ही मनगटांत रबरी कडी घातली.

"ही कशाला?"

"तुमचा हात कुठे वळतो, किती दाबतो, ते यंत्राला कळायला हवं ना सर."

"आणि मी काय करायचं?"

"काहीच नाही. नेहमीसारखं कापायचं. पहिले दोन दिवस नुसती चाचणी आहे, सगळं चालतंय का बघू. खरं शिकवणं त्यानंतर, पाच आठवडे."

मास्तर नेहमीसारखं कापत राहिले. बायका येता-जाता त्यांच्या कपाळाकडे बघून हसायच्या. "मास्तर, तिसरा डोळा उघडला," कुणीतरी म्हणालं. वहिनीही हसल्या. जेवणाच्या सुट्टीत दोघं रोजच्यासारखी बाराव्या टेबलावर डबा उघडून बसली. वहिनींनी त्यांच्या कपाळावर उठलेला पट्ट्याचा वळ बोटाने चाचपून पाहिला आणि त्याला घरचं तेल लावायला हवं म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी इंजिनिअर मुलीने त्यांना संगणकापाशी बोलावलं. पडद्यावर काळ्या जागेत त्यांचा हात फिरला होता तशा रंगीत रेघा होत्या. खांदा, गळा, बाही. त्यांचा स्वतःचा हात, कापडावाचून, मास्तरांना असा उघडा कधी दिसला नव्हता.

"बघा सर, केसाएवढासुद्धा फरक टिपतं हे," मुलगी कौतुकाने म्हणाली. "आता तुमच्या हाताचं काहीच लपून राहायचं नाही."

बिचारीच्या मनात काही नव्हतं. पण मास्तरांना बाराव्याची थप्पी आठवली. त्यांनी मागे वळून पाहिलं. बाराव्या टेबलावर वहिनी मान जराशी तिरकी करून शिवत होत्या. समोरचं दिसत नाही म्हणून त्या कडेने बघायच्या, आणि लोकांना वाटायचं ही त्यांची लकब आहे.

त्या दिवसापासून मास्तरांनी हात आखडता घेतला. बाराव्या टेबलाची थप्पी पुढ्यात आली की त्यांचा हात आपोआप बाहेरच्या बाजूला जायला बघायचा आणि ते त्याला खेचून रेघेवर आणायचे. सहा वर्षांची सवय मोडणं सोपं नसतं. पहिल्या दिवशी त्यांना घाम फुटला. इंजिनिअर मुलीने पंखा त्यांच्याकडे वळवला.

त्यांचा हिशेब साधा होता. आधीचे दोन दिवस चाचणीचे, ते धरायचे नाहीत. सूतभर सोडत राहिलो, तर यंत्राला कळणार. यंत्राला कळलं की साहेबांना कळणार. बाराव्यालाच का, असं ते विचारणार. मग तक्ता बदलून डोळे तपासणार, आणि बायको त्याच दिवशी घरी. नाही सोडलं, तर कदाचित निभेल. बोटांना दिसतं म्हणते ना ती. असेलही खरं. पाच आठवड्यांचा तर प्रश्न होता.

बायकोला आधी सांगावं, असं त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. त्या संध्याकाळी घरी चालत जाताना तीन वेळा शब्द ओठांपर्यंत आले आणि तीनही वेळा त्यांनी ते गिळले. काय सांगणार? की तुझ्या बोटांना काही दिसत नाही, सहा वर्षं मी सांभाळून घेतोय? की साहेब नव्या मुलींना दाखवतात ते खोकं तुझं नाही, माझं आहे? नोकरी गेली तर गेली, पण ती सहा वर्षंही तिच्याकडून काढून घ्यायची? ते गप्प राहिले. चांगल्या मनाची माणसं गप्प राहून जेवढं नुकसान करतात, तेवढं वाईट माणसांना भांडूनही जमत नाही.

पहिला शर्ट चौथ्या दिवशी परत आला. दुर्बीण तो हातात घेऊन बाराव्या टेबलापाशी येऊन उभी राहिली, खाली खोक्यात डबा आणि चपला बघितल्या आणि तिला काय करावं कळेना. शेवटी तिने शर्ट टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला. वहिनींनी तो हातात घेतला, काखेपाशी बोट फिरवलं. मग खाली वाकून खोक्यातला डबा काढला, बाटली काढली, चपला काढल्या आणि शर्ट खोक्यात ठेवला. आसपासच्या चार मशीन थांबल्या होत्या. त्या परत सुरू व्हायला जरा वेळ लागला.

आठवडा संपेपर्यंत खोक्यात नऊ शर्ट झाले. पुढच्या आठवड्यात त्याहून जास्त. वहिनी सुट्टीत जेवणं सोडून उसवत बसू लागल्या. उसवायला तर डोळे आणखी लागतात. एकदा सुई बोटात गेली आणि पांढऱ्या बाहीवर लाल ठिपका पडला. समोर बसलेल्या मास्तरांनी आपला डबा झाकला.

त्या रात्री जेवताना वहिनींनी विचारलं, "कापड तेच आहे ना?"

"तेच आहे."

"आणि कापणारा हात?"

"हात कुणाचा बदलणार? माझाच आहे."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. म्हणजे त्यांच्या कानाकडे पाहिलं, कारण चेहरा बघायचा तर त्यांना कानाकडे बघावं लागायचं. मग "बरं" म्हणाल्या आणि ताटं उचलायला लागल्या. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. बायकोला ताकास तूर लागू दिली नाही, असं वाटून त्यांना थोडं बरंसुद्धा वाटलं, हे सांगायला मलाच लाज वाटते.

पाचव्या आठवड्याच्या सुरुवातीला वहिनींनी निळं खोकं नळाखाली नेऊन घासून धुतलं आणि उन्हात पालथं घातलं. मग पदराला हात पुसत साहेबांच्या खोलीत गेल्या. आतून फार आवाज आला नाही. पाच मिनिटांनी बाहेर आल्या, तेव्हा धाकटे साहेब त्यांना दारापर्यंत सोडायला आले होते. स्वतःहून जाणाऱ्याला सोडायला येणं सोपं असतं.

"काम सोडलं मी," त्या मास्तरांना म्हणाल्या. कपाळावरचा कॅमेरा मान वळेल तिकडे बघायचा, म्हणून मास्तरांना धड नजरही चुकवता येईना. यंत्र शिकत होतं.

"थोडे दिवस थांबली असतीस. आठवडाभर," ते म्हणाले.

"आठवड्याने काय होणार होतं?"

याचं उत्तर मास्तरांकडे होतं. आठवड्याने कॅमेरा निघणार होता. पण मग पुढे यंत्रच कापणार होतं, म्हणजे आठवड्याने काहीच होणार नव्हतं, हेही त्यांना त्याच क्षणी कळलं. बायकांनी वर्गणी काढून वहिनींना थर्मास दिला. दुर्बीण रडली. तिला रडताना अजून कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे तिच्याकडे बघण्यात वहिनींकडे बघायचं राहून गेलं.

त्यानंतर मास्तर एकटे चालत कामावर जाऊ लागले. सव्वीस वर्षं दोघं बरोबर जायची. वाटेत एक उंच पायरी होती, तिथे ते 'पायरी' म्हणायचे आणि वहिनी पाय उचलायच्या. आता तिथे आलं की त्यांच्या तोंडून 'पायरी' निघायचं आणि शेजारून जाणारं एखादं माणूस दचकून खाली बघायचं. घरातली शिलाई मशीन वहिनींनी चादर टाकून झाकून ठेवली. गल्लीतल्या बायका काही शिवायला घेऊन आल्या, तर आता दिसत नाही म्हणून सरळ सांगायच्या. सहा वर्षं लपवलेली गोष्ट त्या दारात उभ्या राहून कुणालाही सांगायच्या. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. वेळच्या वेळी डबा भरलेला असायचा. फक्त बोलणं कामापुरतं झालं होतं, आणि वहिनी आता त्यांच्या कानाकडेसुद्धा बघत नसत.

यंत्र आलं. चांगलं मोठं होतं, मोटारीएवढं. मास्तर शेजारी खुर्ची टाकून बसले आणि हिरवं बटण दाबू लागले. कापायचं मात्र ते सुरेख, हे त्यांना मान्य करावं लागलं. खांद्यापाशी वळताना किंचित थांबायचं. मास्तर तिथे थांबायचे, एका जुन्या दुखण्यामुळे. यंत्राला कसलं दुखणं, पण तेही थांबायचं. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मास्तर उठून बाहेर जाऊन आले.

बाराव्या टेबलावर एक नवी मुलगी आली. हात कच्चा, बडबड पक्की. तिला सगळे नवी म्हणायचे. शिवताना तिचं अर्धं लक्ष शेजारणीकडे. दुर्बीण पहिल्या दिवशी बाह्या सरसावूनच बसली होती. पण महिना झाला तरी बाराव्या टेबलाच्या निळ्या खोक्यात काही पडेना.

"टेबलाचा गुण आहे," कुणीतरी म्हणालं.

नवीने तर खोक्यात स्वतःचा डबा ठेवायला सुरुवात केली.

मास्तरांना ते बघवेना, आणि पटेनाही. एका सकाळी यंत्रातून बाराव्याचा गठ्ठा बाहेर पडला, तेव्हा त्यांनी वरची बाही उचलली आणि गोलाईवर बोट ठेवलं. मग दहाव्या टेबलाची बाही तिच्यावर ठेवली. मग गळ्यातली पट्टी काढून खरोखर मापून बघितलं.

सूतभर जास्त.

इंजिनिअर मुलगी महिन्यातून एकदा यंत्र बघायला यायची, ती नेमकी त्या दिवशी आलेली होती. मास्तरांनी दोन्ही बाह्या तिच्यासमोर धरल्या.

"हो, माहितेय," ती म्हणाली. "बाराव्या टेबलाला तुम्ही जास्त सोडता ना. पहिल्या दोन दिवसांत दिसलं होतं."

"ते दोन दिवस तर चाचणीचे होते."

"चाचणीचे म्हणून काय टाकून देतात का सर? तेच तर सगळ्यात चांगलं काम होतं तुमचं. नंतर तुमचा हात जरा अवघडल्यासारखा झाला होता. कॅमेऱ्यासमोर होतं असं सगळ्यांचं. म्हणून बहुतेक सगळं शिकवणं आम्ही त्या दोन दिवसांवरूनच केलं."

"आणि हे सूतभर? साहेबांना सांगितलं तुम्ही?"

"सांगायचं काय त्यात? तीस वर्षांचा माणूस एका टेबलाला कड जास्त सोडतोय, म्हणजे काहीतरी कारण असणार. आमच्या वरच्यांना मी तसंच लिहिलं आणि त्यांनी ठेवून दिलं." तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "काढून टाकू का? दोन मिनिटांचं काम आहे."

"राहू दे," मास्तर म्हणाले.

त्या दिवशी ते सुट्टी मागून दुपारीच घरी गेले. वहिनी खिडकीपाशी बसून शेंगा सोलत होत्या. त्याला डोळे लागत नाहीत. मास्तर चपला न काढता समोर बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. सहा वर्षांचं सूतभर सांगितलं, कॅमेरा सांगितला, तिसऱ्या दिवशी पडद्यावर दिसलेल्या रेघा सांगितल्या, हात आखडता घेतला ते सांगितलं. "तुझं नाव निघेल म्हणून घाबरलो मी," ते म्हणाले. "आणि कुणी विचारलंसुद्धा नसतं गं. कारण असेल म्हणून ठेवून दिलं त्यांनी. मी काहीच केलं नसतं, नुसता कापत राहिलो असतो, तरी तू आज तिथे असतीस."

वहिनींची बोटं थांबली होती.

"तुम्ही जास्त सोडायचात ते मला माहीत होतं," मग त्या म्हणाल्या.

"कधीपासून?" मास्तरांनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. बोटांना दिसतं म्हणाले होते ना मी. सूतभर काय, त्याच्या निम्म्यानेही जास्त असतं तरी कळलं असतं. बारा नंबरचा गठ्ठा हातात घेतला की आधी ती कड चाचपायची मी. आहे म्हटलं की शिवायला बसायची."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"तुम्ही चोरून करत होतात. मला कळलंय हे तुम्हाला कळलं असतं, तर तुम्ही अवघडला असतात." त्यांनी मांडीवरच्या टरफलांवरून हात फिरवला. "आणि मला ते आवडायचं. घरी तुम्ही कधी काही बोलणारे नव्हेत. ते रोज यायचं."

बाहेर गल्लीत कुणीतरी सायकल दुरुस्त करत होतं, त्याच्या हातोडीचे ठोके ऐकू येत होते.

"मग एके दिवशी गठ्ठ्याला हात लावला तर कड नाही," वहिनी म्हणाल्या. "वाटलं, चुकून झालं असेल. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तुम्हाला विचारलं, तर म्हणालात, हात माझाच आहे."

"अगं, मी ते..."

"मला वाटलं, तुम्ही सांगताय. तोंडाने जमत नाही म्हणून कापडातून सांगताय, की आता पुरे, सांभाळून दमलो, आता ऊठ." त्यांचा आवाज कापला नाही, उलट अगदी सरळ होता, आणि तेच मास्तरांना सोसवेना. "म्हणून उठले मी. दिसत नाही म्हणून नाही उठले. उसवून उसवून शिवलं असतं आणखी वर्षभर."

मास्तर जागेवरून थोडे पुढे सरकले. त्यांनी हात पुढे केला. वहिनींना तो दिसला नाही, कारण तो बरोबर मधोमध होता. मग मास्तरांनी आणखी पुढे सरकून त्यांच्या बोटांवर तो ठेवला. दोघं तशीच बसून राहिली. मास्तर रडले. वहिनींचं रडून झालेलं होतं, कारखान्यातून घरी आल्यावरच्या त्या पहिल्या महिन्यात, ते कामावर गेलेले असताना.

ऊन खिडकीवरून उतरलं, तेव्हा वहिनींनी विचारलं, "अजून सोडतं ते यंत्र? सूतभर?"

"सोडतं."

"आणि बाराव्यावर आता बसते त्या पोरीला माहीत आहे?"

"नाही. तिला वाटतं तिचाच हात बसलाय."

"तिला सांगा," वहिनी म्हणाल्या. "उद्याच सांगा. यंत्रच ते, आज सोडतंय, उद्या कुणी बंद केलं तर ती पोरगी रात्र-रात्र स्वतःचे हात बघत बसेल. तिला आधी माहीत असू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर एकटेच कामावर गेले. वाटेत 'पायरी' म्हणाले. यंत्रातून बाराव्याचा गठ्ठा निघाला, तेव्हा तो त्यांनी स्वतः उचलून टेबलावर नेला. नवी खोक्यात डबा ठेवत होती. मास्तरांनी वरची बाही काढली, तिचं बोट धरून गोलाईवर ठेवलं, मग दहाव्याची बाही शेजारी ठेवून तिच्यावरही ठेवलं.

"कळतोय फरक?"

तिने दोनदा बोट फिरवलं. "जास्त आहे इथे. थोडंसं." तिचा चेहरा उतरला. "म्हणजे माझं खोकं यामुळे रिकामं राहतं?"

"निम्मं यामुळे. निम्मं तू शिकशील."

"आणि यंत्राचं हे चुकून होतं का, मास्तर?"

मास्तरांनी बाही नीट घडी करून परत गठ्ठ्यावर ठेवली.

"चुकून नाही," ते म्हणाले, आणि हिरवं बटण दाबायला गेले.